मिठाची शिडी

पाणी उताराकडे धावते हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. मीठ तर बोलूनचालून घन पदार्थ. ते जिथे ठेवावे तिथेच राहायचे. असे असताना पाण्यात विरघळलेले मीठ काचेच्या उभ्या भिंतीवरून वर चढते, काठ ओलांडते आणि पलीकडच्या बाजूने खाली उतरते, असे कोणी सांगितले तर तुमचा विश्वास बसेल काय? ज्यांच्या घरी समुद्रातील मासे पाळण्याची टाकी आहे, त्यांना मात्र हे पटवून द्यावे लागणार नाही. मिठाचे हे गिर्यारोहण ते रोज पाहतात आणि ओले फडके घेऊन रोज त्याच्याशी झुंजतात.

मुंबईच्या मरिन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा समुद्रातील जिवंत मासे काचेआड पाहणे ही मोठी नवलाईची गोष्ट होती. आता विजेचे छोटे पंप, योग्य दिवे आणि पाण्यात मिसळण्यासाठी तयार समुद्री क्षार बाजारात मिळतात. त्यामुळे समुद्रापासून दूर असलेल्या गावीही एखाद्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी दिसू शकते. टाकी नवी असते तेव्हा काच कशी लख्ख असते! पण पंधरा-वीस दिवस गेले की टाकीच्या वरच्या काठावर, झाकणाच्या फटीत, पंपाच्या तारेवर, नळीच्या सांध्यावर पांढरी, खरखरीत पुटे दिसू लागतात. पुसली तरी आठवड्याने पुन्हा हजर!

टाकी गळत नाही, पाणी काठावरून सांडत नाही. मग हे मीठ बाहेर आले कोठून? आणि आले तर बिघडले काय? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना आपल्याला पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील निदान चार धडे एकाच टाकीत भेटतील.

पाणी जाते, मीठ राहते

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून करू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. म्हणजे १०० लिटरच्या टाकीत साडेतीन किलो क्षार झाले. हे पाणी उघड्यावर ठेवले की त्याचे बाष्पीभवन होते. पाण्याचे रेणू हवेत निघून जातात. मिठाचे आयन मात्र नेहमीच्या तापमानाला हवेत जाऊ शकत नाहीत. वाफ होते ती केवळ शुद्ध पाण्याची. मीठ मागे राहते.

‘पाणी जाते, मीठ राहते’ हे चार शब्द नीट लक्षात ठेवा. या लेखातील बाकी सारे त्यांचाच विस्तार आहे.

पण येथे चौकस विद्यार्थी लगेच विचारील, “सर, १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळू शकते. समुद्राचे पाणी तर याच्या दहाव्या हिश्शाइतकेच खारट असते. ते संपृक्त नसताना त्यातून मिठाचे स्फटिक बाहेर पडतातच कसे?” शंका अगदी रास्त आहे. टाकीतील सगळे पाणी संपृक्त होण्याची गरज नसते. ज्या ठिकाणी अगदी थोडे पाणी उघड्या हवेत एकटे सापडते, तेथे ते चटकन संपृक्त होते. टाकीत पाणी असे एकटे सापडण्याच्या वाटा दोन आहेत.

पहिली वाट : फुटणारे बुडबुडे

माशांना प्राणवायू मिळावा म्हणून टाकीत पंपाने हवा सोडतात. हवेचे बुडबुडे वर येऊन फुटतात. बुडबुडा फुटतो तेव्हा त्याच्या जागी क्षणभर एक खड्डा पडतो. तो भरून काढण्यासाठी चहूबाजूंनी पाणी धावते आणि मधोमध पाण्याची बारीकशी धार वर उसळते. तिच्या टोकाचे थेंब सुटून काही सेंटिमीटर उंच उडतात. सोडावॉटरच्या ताज्या पेल्यावर तळहात धरून पाहा. हे थेंब तुम्हाला जाणवतील.

हे थेंब झाकणावर, दिव्यावर, काचेच्या काठावर पडतात आणि सुकतात. एक थेंब साधारण एक मिलिलिटरचा विसावा भाग धरू. त्यात पावणेदोन मिलिग्रॅम क्षार येतील. हे अगदीच नगण्य वाटते, नाही? पण समजा, तासाला असे २० थेंब टाकीबाहेर पडले. दिवसाचे झाले ४८० थेंब, म्हणजे २४ मिलिलिटर पाणी आणि सुमारे ०.८४ ग्रॅम मीठ. महिन्याकाठी हे मीठ २५ ग्रॅमच्या घरात जाते. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात. येथे थेंबे थेंबे मिठाचा ढीग साचतो.

समुद्रकिनाऱ्यावर हेच मोठ्या प्रमाणावर घडते. लाटा फुटतात, फेसातील असंख्य बुडबुडे फुटतात, खारट तुषार वाऱ्याबरोबर गावात शिरतात. रत्नागिरी किंवा मालवणच्या घरांतील खिडक्यांचे गज लवकर का गंजतात, याचे एक कारण तुम्हाला आता सांगता येईल.

दुसरी वाट : मिठाने बांधलेली शिडी

टाकीत हवा सोडली नाही, पाणी अगदी संथ ठेवले, तरीसुद्धा मीठ वर चढतेच. ही दुसरी वाट अधिक गमतीची आहे.

काचेच्या भांड्यातील पाण्याची कड नीट पाहा. पाणी काचेला चिकटते, म्हणून कडेला त्याचा पृष्ठभाग किंचित वर वळलेला दिसतो. या वळलेल्या भागाच्या अगदी वरच्या टोकाशी पाण्याचा थर कमालीचा पातळ असतो. तेथून वाफ तर जात राहते, पण मूळ साठ्यातून तेथवर पाणी पोहोचण्याची वाट अरुंद. शिवाय जे नवे पाणी येते ते आपल्याबरोबर नवे मीठ घेऊन येते. पाणी उडून जाते, मीठ तेथेच अडकते. परिणामी टाकीतील पाणी साधेच खारट असले, तरी या टोकाशी ते संपृक्त होते आणि काचेवर स्फटिकांची पहिली रांग उमटते.

आता पुढची पायरी. हे स्फटिक एकमेकांना घट्ट चिकटून गुळगुळीत थर झाला असता, तर चढाई तेथेच थांबली असती. पण तसे होत नाही. वाळूच्या ढिगात कणांमध्ये फटी राहाव्यात तशा या स्फटिकांमध्ये, तसेच स्फटिक आणि काच यांच्यामध्ये, बारीक फटी राहतात. या फटी म्हणजे सूक्ष्म नळ्याच. आणि बारीक नळीत पाणी आपोआप वर चढते, हे केशाकर्षण तुम्ही शिकला आहात. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढते, टीपकागदात शाई चढते, ते याच गुणाने.

केशनळीत पाणी किती चढेल याचे सूत्र असे आहे :

उंची = (२ × पृष्ठताण) ÷ (घनता × गुरुत्वत्वरण × नळीची त्रिज्या)

पाण्याचा पृष्ठताण दर मीटरला सुमारे ०.०७२ न्यूटन असतो. नळीची त्रिज्या ०.१ मिलिमीटर घेतली तर उंची येते जवळजवळ १५ सेंटिमीटर. त्रिज्या त्याच्या दहाव्या हिश्शाइतकी, म्हणजे ०.०१ मिलिमीटर घेतली, तर उंची होते दीड मीटर! टाकीतील पाण्याची पातळी काठाखाली जेमतेम चार-पाच सेंटिमीटर असते. मिठाच्या फटींना एवढी उंची म्हणजे किस झाड की पत्ती!

तेव्हा पाणी पहिल्या रांगेच्या फटींतून वर जाते, माथ्यावर पोहोचून सुकते आणि तेथे स्फटिकांची दुसरी रांग तयार होते. त्या रांगेतून तिसरी, तिसरीतून चौथी. एक पायरी बांधायची, तिच्यावर उभे राहायचे आणि वरची पायरी बांधायची, अशी ही शिडी मीठ स्वतःच स्वतःसाठी रचत जाते. काठ आला तरी ती थांबत नाही. पलीकडे वळते आणि बाहेरच्या बाजूने उतरू लागते.

या सरपटण्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष फार पूर्वीच गेले होते. १९२७ साली द्रावणांच्या या चढाईवर एक निबंध प्रसिद्ध झाला. सच्छिद्र पदार्थांत द्रव कसा शिरतो याचे जे समीकरण आज एडवर्ड वॉशबर्न या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाते, ते त्याने १९२१ साली मांडले होते. विषय जुना, म्हणून तो संपला असे मात्र नाही. २०१९ साली ॲमस्टरडॅम विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की ही क्रिया स्वतःच स्वतःला वाढवीत नेते. कारण उघड आहे. जितके स्फटिक अधिक, तितका ओला पृष्ठभाग अधिक. जितका पृष्ठभाग अधिक, तितके बाष्पीभवन अधिक. आणि जितके बाष्पीभवन अधिक, तितके नवे स्फटिक अधिक. म्हणूनच टाकीवरचा थर आज थोडा दिसला, तर तो आजच पुसावा. उद्या तो दुप्पट जोमाने वाढणार असतो.

पेल्यातला प्रयोग

यासाठी टाकी विकत आणण्याचे कारण नाही. काचेचे चार सारखे पेले, खडे मीठ आणि थोडे व्हॅसलीन एवढ्यावर भागेल.

सुमारे अर्धा लिटर गरम पाण्यात मीठ घालून ढवळत राहा. तळाशी थोडे मीठ न विरघळता उरू लागले की थांबा. साधारण १८० ग्रॅम मीठ लागेल. द्रावण थंड झाल्यावर वरचे नितळ द्रावण तीन पेल्यांत सारखे ओता. पेले अर्धेच भरा. चौथ्यात साधे पाणी घ्या. प्रत्येक पेला एका बशीत ठेवा.

पहिला पेला उघडा राहू द्या. दुसऱ्यात पाण्याच्या पातळीच्या वर एक सेंटिमीटरवर काचेला आतून व्हॅसलीनचे रुंद कडे लावा. तिसऱ्यावर बशी उपडी घालून तो झाका. चौथा, म्हणजे साध्या पाण्याचा पेला, उघडा ठेवा. आता पेले न हलवता दररोज ठरलेल्या वेळी मिठाची उंची पट्टीने मोजा आणि दिवस व उंची यांचा आलेख काढा.

पहिल्या पेल्यात मीठ चढताना दिसेल. थोड्या दिवसांत ते काठ ओलांडून बशीत उतरेलही. दुसऱ्यात ते व्हॅसलीनच्या कड्याशी अडेल, कारण व्हॅसलीनला पाणी चिकटत नाही. पातळ थरच नाही तर शिडी टेकवायची कशावर? तिसऱ्यात चढाई जवळजवळ होणारच नाही, कारण आतील हवा ओलसर राहून बाष्पीभवन मंदावते. चौथ्यातील पाणी कमी होईल, पण काच स्वच्छ राहील. म्हणजेच या चढाईला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : विरघळलेला क्षार, पाणी चिकटेल असा पृष्ठभाग आणि बाष्पीभवन. तिन्हींपैकी एक काढून घेतली की शिडी कोसळते. पुढचे सगळे उपाय याच निष्कर्षातून निघणार आहेत.

एक सूचना. हा प्रयोग ऑक्टोबर ते मे या काळात करा, भर पावसाळ्यात नको. असे का, ते लवकरच कळेल.

थरात नुसते मीठ नसते

टाकीवरचा पांढरा थर म्हणजे निव्वळ स्वयंपाकघरातील मीठ, असे समजू नका. समुद्राच्या पाण्यात सोडियम आणि क्लोरिन यांच्याबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असे इतर घटकही असतात. इंग्लंडमधील निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस याने १८५४ साली टाकीसाठी कृत्रिम समुद्रजल बनविले, तेव्हा त्यालाही साध्या मिठाच्या जोडीला मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड घ्यावे लागले होते.

समुद्राचे पाणी आटवत नेले की हे क्षार एकाच वेळी बाहेर पडत नाहीत. पाणी साधारण निम्मे उरते तेव्हा कॅल्शियम कार्बोनेट खाली बसू लागते. पाचवा हिस्सा उरला की जिप्सम. दहावा हिस्सा उरला की साधे मीठ. मॅग्नेशियमचे क्षार अगदी शेवटी येतात. उसिग्लिओ या रसायनशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्राचे पाणी आटवून हा क्रम १८४९ साली नोंदवला. आपल्या कोकणातील मिठागरांत काम करणाऱ्या आगऱ्यांना मात्र हा क्रम अनुभवाने ठाऊक होता. म्हणून तर ते पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात फिरवीत नेतात, मीठ धरले की ते ओढून घेतात आणि मॅग्नेशियमचे कडवट पाणी मागे सोडून देतात.

टाकीच्या काठावर असा निवाडा करणारा आगरी नसतो. तेथे सगळेच क्षार एकत्र सुकतात. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, थरातील कॅल्शियम कार्बोनेट पाण्याने निघत नाही, त्याला व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लागते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे.

पावसाळा आणि वीज

आषाढात मिठाच्या बरणीत चमचा घातला की मीठ ओले लागते, हे घरोघरी ठाऊक आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतील बाष्प ओढून घेऊन चिघळू लागते. मॅग्नेशियम क्लोराइडला तर ३३ टक्केही पुरतात. पावसाळ्यात कोकणपट्टीत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असणे ही नित्याचीच गोष्ट. म्हणजे उन्हाळ्यात कोरडा, खडखडीत दिसणारा टाकीवरचा थर पावसाळ्यात ओलसर होतो. (मिठाचा प्रयोग पावसाळ्यात का नको, हेही आता ध्यानात आले असेल. एवढ्या दमट हवेत संपृक्त द्रावण आटण्याऐवजी उलट बाष्प शोषून घेते!)

ओले मीठ हे विजेचे उत्तम वाहक आहे. ढोबळमानाने नळाच्या पाण्यापेक्षा समुद्राचे पाणी शंभरपट सहज वीज वाहून नेते. थर ओला झाल्यावर तयार होणारे संपृक्त द्रावण तर त्याहूनही अधिक. आता टाकीची रचना डोळ्यांपुढे आणा. पंपाची तार पाण्यातून निघते, काठावरून बाहेर येते आणि २३० व्होल्टच्या प्लगपर्यंत जाते. तिच्यावरून मीठ सरपटत प्लगपर्यंत पोहोचले आणि पावसाळ्यात ओले झाले, तर विजेला हव्या तशा वाटा मिळतात. प्लगमध्ये ठिणग्या उडतात, तो तापतो, पेट घेऊ शकतो; माणसाला धक्का बसू शकतो. मिठाचा थर हा केवळ अस्वच्छतेचा प्रश्न नाही, जिवाचाही प्रश्न आहे, तो असा.

यावर उपाय अगदी सोपा आणि फुकट आहे. तार प्लगकडे नेताना ती आधी प्लगच्या पातळीखाली उतरवावी, तिला झोळ द्यावा आणि मग वर प्लगमध्ये न्यावी. तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी येऊन टपकते. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध ओघळून प्लगपर्यंत जाऊ शकत नाही. मीठ मात्र झोळही चढू शकते, म्हणून तार पुसत राहायला हवीच. प्लग टाकीच्या खाली नसावा, बाजूला असावा. जमिनीकडे ३० मिलिअँपिअर एवढा प्रवाह गळू लागताच वीज तोडणारा सर्किट ब्रेकर घरात जाणत्या वायरमनकडून बसवून घ्यावा. आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद करून प्लग काढावा. हे काम मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच करावे.

माशांच्या जिवाचा हिशेब

टाकीतील पाणी कमी झाले म्हणजे काय घालावे? बहुतेक जण पटकन म्हणतील, “खारे पाणी कमी झाले, तेव्हा खारे पाणी घालावे.” येथेच पुष्कळ मासे प्राणाला मुकतात.

समजा, १०० लिटरच्या टाकीतून रोज एक लिटर पाण्याची वाफ होते. तुम्ही रोज एक लिटर समुद्रजल घातलेत, तर रोज ३५ ग्रॅम क्षारांची भर पडली. महिन्यात १,०५० ग्रॅम. मूळचे ३,५०० ग्रॅम धरून ४,५५० ग्रॅम झाले, म्हणजे लिटरला ३५ ऐवजी ४५.५ ग्रॅम! पातळी तीच, पाणी तितकेच नितळ. डोळ्यांना काही कळत नाही. समुद्रातील माशांच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश असते. त्यामुळे परासरणाने त्यांच्या शरीरातील पाणी सतत बाहेर ओढले जाते. ते समुद्राचे पाणी पितात आणि जास्तीचे मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. पाणी जितके खारट, तितका हा खटाटोप वाढतो. शिवाय खारटपणा वाढला की पाण्यात विरघळणारा प्राणवायूही कमी होतो.

तेव्हा जे गेले तेच परत घालावे. वाफेने गोडे पाणी गेले, म्हणून क्लोरिन नसलेले गोडे पाणीच घालावे. काचेवर पातळीची खूण करून ठेवावी आणि रोज थोडे थोडे पाणी घालून पातळी त्या खुणेवर आणावी.

पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मीठ सरपटून बाहेर जाते, तेवढे टाकीतील कमी होते. वर काढलेले महिन्याचे २५ ग्रॅम धरले, तर वर्षात ३०० ग्रॅम मीठ कमी झाले आणि प्रमाण लिटरला ३२ ग्रॅमवर आले. ही घट सावकाश होते, पण होते. म्हणून दर आठवड्याला हायड्रोमीटरने विशिष्ट घनता मोजावी, ती १.०२५ च्या आसपास असावी. एका घनतेवरून एवढ्या साऱ्या क्षारांचा अंदाज कसा येतो? विल्यम डिटमार याने ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभरातून आणलेल्या समुद्रजलाच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण १८८४ साली प्रसिद्ध केले. पाणी कमी-अधिक खारट असले, तरी मुख्य क्षारांचे आपसांतील प्रमाण सगळीकडे जवळजवळ सारखेच असते, असे त्यातून दिसून आले. घनता उतरली, तर नेहमीचे पाणी बदलताना तयार समुद्री क्षारांचे द्रावण घालून ती हळूहळू पूर्ववत करावी. काठावरचे खरवडलेले मीठ मात्र परत टाकीत लोटू नये. त्यात धूळ असते, क्षारांचे प्रमाण बिघडलेले असते आणि प्रवाळावर पडलेला खडा विरघळताना त्या जागी पाणी भलतेच खारट होऊन त्याला इजा होते.

शिडी मोडायची कशी?

आता उपाय सांगणे सोपे आहे. बाष्पीभवन कमी करायचे, तर टाकीवर काचेचे झाकण ठेवा. वाफ त्यावर थंड होऊन गोड्या थेंबांच्या रूपाने परत पडते. हवा खेळावी म्हणून थोडी फट मात्र राहू द्या. तुषार कमी करायचे, तर परतीच्या नळीचे तोंड पाण्याखाली ठेवा आणि हवेचा जोर बेताचा करा. पातळी काठाखाली चार-पाच सेंटिमीटर असू द्या. शिडी तेथे पोहोचायला वेळ लागतो आणि तेवढ्यात तुमचे फडके पोहोचते.

थर काढताना चाकू किंवा ब्लेड चालवू नका. काचेवर ओरखडे पडतात, आणि टाकी ॲक्रिलिकची असेल तर फारच. मीठ पाण्यात विरघळते, हाच त्याचा कच्चा दुवा आहे. कोमट गोड्या पाण्यात फडके भिजवून, पिळून, थरावर मिनिटभर दाबून धरा. थर आपोआप मऊ होतो आणि पुसला जातो. त्यानंतर काठ कोरडा करायला विसरू नका. कॅल्शियमचा हट्टी डाग व्हिनेगरने काढायचा असेल, तर तो भाग टाकीतून बाहेर काढून घासा आणि भरपूर पाण्याने धुऊनच परत बसवा. पेल्यात वापरलेले व्हॅसलीन टाकीत मात्र लावू नका. पाण्यावर तेलकट तवंग आला तर हवेशी होणारी देवाणघेवाण अडते.

टाकीबाहेरच्या शिड्या

मित्रहो, ही शिडी केवळ टाकीतच असते असे नाही. जुन्या घराच्या भिंतीला तळाशी लोणा लागतो, गिलाव्याचे पोपडे पडतात, तेथे तीच असते. जमिनीतील ओल क्षार घेऊन विटांच्या छिद्रांतून वर चढते, पाणी सुकते, आणि छिद्रांत वाढणारे स्फटिक विटेला आतून फोडतात. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात हिरोडोटस याने, इजिप्तमध्ये जमिनीतून फुटणारे मीठ पिरॅमिडांनाही खाते, असे लिहून ठेवले आहे. मोहेंजोदडोच्या विटांचा भुगा याच शिडीने होत आहे.

सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत उसाला पाण्याचा अतिरेक झाला आणि निचरा राहिला नाही, तेव्हा भूजल वर आले. मातीच्या बारीक छिद्रांतून ते पृष्ठभागी चढले, उन्हाने वाळले आणि शेतावर पांढरा थर सोडून गेले. सोन्यासारखी जमीन क्षारपड झाली. तेथेही भूमिगत निचऱ्याच्या नळ्या घालून भूजल खाली न्यावे लागते, म्हणजे शिडीचा पाया काढून घ्यावा लागतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराला पाणी बाहेर जाण्याची वाटच नाही. पाणी वाफ होऊन जाते, क्षार राहतात. २०२० च्या जूनमध्ये पाणी आटून खारटपणा वाढला आणि तेथील क्षारप्रिय सूक्ष्मजीवांनी सारे सरोवर गुलाबी केले, हे तुम्ही वाचले असेल.

आणि समुद्र? त्याच्यातूनही रोज अफाट पाण्याची वाफ होते. पण ते गोडे पाणी पावसाने आणि नद्यांनी पुन्हा त्याला मिळते. निसर्ग आपली टाकी गोड्या पाण्यानेच भरतो. घरातल्या टाकीपुढे उभे असताना तो कित्ता आपणही गिरवावा.

विचार करा

१. टाकीतून दहा दिवस रोज एक लिटर पाणी वाफ होऊन गेले आणि कोणीच पाणी घातले नाही, तर १०० लिटरच्या टाकीत लिटरला किती ग्रॅम क्षार होतील?

२. पहिल्या पेल्यावर पंखा सोडला तर मीठ अधिक वेगाने चढेल की सावकाश? आधी अंदाज लिहा, मग करून पाहा.

३. प्लॅस्टिकच्या आणि काचेच्या पेल्यांत मीठ सारखेच चढेल काय? पाण्याचा एक थेंब दोन्हींवर ठेवून त्याचा आकार पाहा. उत्तराची दिशा सापडेल.

४. तुमच्या घराच्या किंवा शाळेच्या कोणत्या भिंतीला लोणा लागला आहे? तो जमिनीपासून किती उंचीपर्यंत चढला आहे, हे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर मोजून वहीत नोंदवा.